‘७२ टक्के पॅलेस्टिनींचा हमासला पाठिंबा’ हा आकडा खरा आहे का?

प्रश्नात दोन गोष्टी विचारल्या आहेत : व्हॉट्सअॅपवर फिरणारा हा ७२ टक्क्यांचा आकडा खरा आहे का, आणि बॉम्ब पडत असताना गाझात असं सर्वेक्षण होतं तरी कसं.

आकडा खरा आहे. त्याला चिकटवलेलं वाक्य चुकीचं आहे. रामल्लामध्ये खलील शिकाकी यांची ‘पॅलेस्टिनियन सेंटर फॉर पॉलिसी अँड सर्व्हे रिसर्च’ ही संस्था आहे. तिने २२ नोव्हेंबर ते २ डिसेंबर २०२३ या काळात लोकांना विचारलं की, आतापर्यंतचे परिणाम बघता ७ ऑक्टोबरचा हल्ला करण्याचा हमासचा निर्णय बरोबर होता की चूक? ७२ टक्के लोक ‘बरोबर’ म्हणाले. कोणता पक्ष जवळचा वाटतो, हा त्याच सर्वेक्षणातला वेगळा प्रश्न होता. तिथे हमासला ४३ टक्के आणि त्याचा प्रतिस्पर्धी पक्ष फतहला १७ टक्के मिळाले. निर्णय बरोबर म्हणणारे सगळेच हमासवाले नव्हते.

आता हा ७२ जरा उसवून बघू. वेस्ट बँकेत ‘बरोबर’ म्हणणारे ८२ टक्के होते, गाझात ५७. एकूण १,२३१ मुलाखतींपैकी ७५० वेस्ट बँकेत आणि ४८१ गाझात झाल्या, म्हणजे साधारण ६०:४० हे प्रमाण. ८२ चे साठ टक्के ४९, ५७ चे चाळीस टक्के २३, बेरीज ७२. ज्यांच्या डोक्यावर बॉम्ब पडत होते त्यांचं मत आणि लांबून बघणाऱ्यांचं मत एकाच सरासरीत मिसळलं गेलं आहे. शिवाय व्हिडिओंबद्दलही विचारलं होतं. हमासच्या लोकांनी इस्रायली नागरिकांवर केलेल्या अत्याचारांचे व्हिडिओ आपण पाहिलेच नाहीत, असं ८५ टक्के लोकांनी सांगितलं. हे उत्तर बाजूला ठेवून ७२ वाचण्यात अर्थ नाही.

तारीखही बघावी लागते. गाझातला हाच आकडा मार्च २०२४ मध्ये ७१, जूनमध्ये ५७, सप्टेंबरमध्ये ३९ आणि मे २०२५ मध्ये ३७ असा होता. त्यामुळे आज कोणी ७२ टक्के म्हणून मिरवत असेल, तर तो पहिल्या दोन महिन्यांतला आकडा दाखवतो आहे.

हे काम चालतं कसं? जनगणनेच्या विभागांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे भाग निवडतात, प्रत्येक भागात ठरावीक घरं घेतात आणि समोरासमोर मुलाखत होते. उत्तर टॅबलेटवर किंवा फोनवर नोंदवतात, ते थेट संस्थेच्या सर्व्हरवर जातं. युद्धात मात्र लाखो माणसं घर सोडून गेली, त्यामुळे गाझात निवारा छावण्या आणि विस्थापितांच्या वस्त्या घ्याव्या लागल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये बरंचसं काम तात्पुरत्या युद्धबंदीच्या दिवसांत उरकलं आणि उत्तर गाझा सुटून गेला. सगळ्यात मोठी फट तीच. तोंडाने विचारलेल्या प्रश्नात भीतीही मिसळते. हमासच्या राज्यात हमासबद्दल बोलताना माणूस जपूनच बोलणार. ऑगस्ट २०२४ मध्ये इस्रायली लष्कराने काही कागदपत्रं प्रसिद्ध करून, हमासने या संस्थेच्या मार्च २०२४ च्या सर्वेक्षणात फेरफार केल्याचा आरोप केला. संस्थेने तो फेटाळला. माझं मत विचाराल तर एकट्या मार्चच्या ७१ वर फार इमारत बांधू नये. नंतर मे २०२५ पर्यंत घसरण मात्र सलग दिसते.

चूक किती धरायची याचा सोपा हिशेब आहे : १ ला मुलाखती दिलेल्या माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा. ४८१ माणसांवर साडेचार टक्के इकडेतिकडे. माणसं एकाच वस्तीतून गटाने घेतली असतील तर त्याहून जास्त. म्हणून ३९ वरून ३७ झाले, ही बातमी नव्हे.

इस्रायलच्या आकड्यांनाही हाच हिशेब लागू आहे. इस्रायल डेमोक्रसी इन्स्टिट्यूटच्या मासिक पाहणीत साधारण ६०० ज्यू हिब्रूमध्ये आणि १५० अरब नागरिक अरबीत उत्तरं देतात. १५० वर चूक आठ टक्क्यांच्या घरात जाते. तरी ‘अरबांचं मत एका महिन्यात पाच टक्क्यांनी बदललं’ असे मथळे सर्रास छापले जातात. मोठा कल बघायचा तर प्यू रिसर्च सेंटरचा प्रश्न घ्या : इस्रायल आणि स्वतंत्र पॅलेस्टाइन शांततेने शेजारी नांदू शकतील का? २०१३ मध्ये निम्मे इस्रायली ‘हो’ म्हणत, २०२४ मध्ये २६ टक्के, २०२५ मध्ये २१. त्या २१ मध्येही ज्यू १६ आणि अरब ४०. तिथेही सरासरी दोन समाजांची आहे.

द्विराष्ट्र तोडग्याबद्दल विचारताना शब्दांनी खूप फरक पडतो. नुसता ‘दोन राष्ट्रं हवीत का’ हा एक प्रश्न. १९६७ ची सीमा, समसमान जमिनीची अदलाबदल, सैन्य नसलेलं पॅलेस्टाइन, जेरुसलेमची वाटणी, एक लाख निर्वासितांना इस्रायलमध्ये येऊ देणं, हे सगळं एका पुडक्यात बांधून विचारणं हा दुसरा. शिकाकींची संस्था आणि तेल अवीव विद्यापीठ मिळून जे संयुक्त सर्वेक्षण करतात त्यात दोन्ही विचारतात. बातमीत कुठला घेतला आहे ते आधी बघा.

शेजारच्या अरब देशांत जनमत एकीकडे आणि सत्ता दुसरीकडे, असं चित्र आहे. वॉशिंग्टन इन्स्टिट्यूटच्या २०२३ अखेरच्या पाहणीत ९६ टक्के सौदी नागरिक म्हणाले की अरब देशांनी इस्रायलशी सगळे संबंध तोडावेत. जॉर्डनने आणि बहरीनने राजदूत परत बोलावले, पण इस्रायलशी झालेले १९७९ चा इजिप्तचा, १९९४ चा जॉर्डनचा आणि २०२० चे अब्राहम करार (यूएई, बहरीन वगैरेंचे) कोणीही रद्द केले नाहीत. तरी हे जनमत बिनकामाचं म्हणता येत नाही. सौदी-इस्रायल समझोत्याची बोलणी २०२३ च्या उन्हाळ्यात पुढे सरकत होती. त्यानंतर पॅलेस्टिनी राष्ट्राचा मार्ग ठरल्याशिवाय संबंध नाहीत, अशी भूमिका सौदी सरकारने उघडपणे घेतली.

राहता राहिला ‘आज निवडणूक झाली तर हमास जिंकेल’ हा दावा. पक्षाच्या टक्क्यांवरून जागा काढता येत नाहीत. पॅलेस्टिनी संसदेची शेवटची निवडणूक जानेवारी २००६ मध्ये झाली. एक्झिट पोल फतहला पुढे दाखवत होते. पक्षाच्या यादीला मत देऊन भरायच्या ६६ जागांवर हमासला २९ आणि फतहला २८ मिळाल्या, म्हणजे जवळपास बरोबरी. जिल्हावार ६६ जागांवर मात्र हमास ४५, फतह १७. फतहचे बंडखोर आपल्याच उमेदवारांविरुद्ध उभे राहिले, मतं फुटली, आणि १३२ पैकी ७४ जागा हमासकडे गेल्या.