पत्रकाराचे जुने कागद चाळायला बसशील तेव्हा

गठ्ठ्यांचा क्रम मोडू नकोस, हे पहिलं. बिनतारखेचं टिपण कशाशेजारी ठेवलंय यावरूनच बऱ्याचदा त्याचा काळ लागतो. पेन बॅगेत, हातात पेन्सिल. गंजलेली टाचणी स्वतः उपटू नकोस. गोव्याच्या पावसाळ्यात सर्द झालेला कागद टाचणीसकट येतो.

छापील लेखापेक्षा मला हस्तलिखितातली खोडाखोड जास्त बोलकी वाटते. काय कापलं? कोणाच्या अक्षरात, लेखकाच्या की संपादकाच्या?

कात्रणांचं मात्र जपून. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलावरचं (गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, यावरचं मतदान) काही सापडलं तर आधी पेपर कुठला ते बघ. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूचा, ‘राष्ट्रमत’ विरोधातला. हे न बघता उतरवलंस तर प्रचार बातमी म्हणून खपेल. टिपणांतले आकडेही ताडून घे: विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१, बाजूनं १,३८,१७०. जुने अंक पाहायला पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय आहेच.

आणि खासगी पत्रांत हयात माणसांची नावं निघाली, (निघतातच, गोवा केवढासा!) तर घरच्यांना विचारल्याशिवाय छापू नकोस.