स्टार्टअपमध्ये पैसे घालण्याआधी त्यांचं प्रॉडक्ट स्वतः वापरून बघावं का?

ओळखीच्या मुलांनी किराणा घरपोच देणारं ॲप काढलंय, डेमो उत्तम झाला, तेवढ्यावर पैसे घालावेत का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात घालू नका. डेमोत ऑर्डर त्यांची, माल त्यांनी निवडलेला, आणून देणाराही सांगून ठेवलेला.

अमेरिकेत ज्युसेरो नावाची कंपनी होती. तिने सुमारे 12 कोटी डॉलर उभे केले, त्यात गूगलच्या गुंतवणूक शाखेचेही पैसे होते. फळं-भाज्या भरलेल्या पिशव्या दाबून रस काढणारं तिचं यंत्र सुरुवातीला 699 डॉलरना मिळे. एप्रिल 2017 मध्ये ब्लूमबर्गच्या बातमीदारांनी तीच पिशवी हातांनी पिळली, तर जवळजवळ तेवढाच रस निघाला. काही महिन्यांत कंपनी बंद पडली. पिशवी हाताने पिळून बघायला ना तज्ज्ञ लागत होता, ना खर्च!

मी छोट्या रकमा गुंतवतो, पण आधी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून साधं गिऱ्हाईक म्हणून माल मागवतो. पूर्ण पैसे भरून, भर पावसात, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी. एखादी वस्तू मुद्दाम परत करतो. रिफंड मागितला की कंपनी आतून कशी चालते ते लगेच दिसतं : फोन कोण उचलतं, पैसे किती दिवसांत येतात, की नुसतेच मेसेज येत राहतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिली कुपनं संपेपर्यंत थांबा. सवलत गेल्यावरही घरचे आपणहून ते ॲप उघडतात का? नसतील उघडत, तर मी त्या कंपनीत पैसे घालत नाही, मुलं कितीही हुशार असोत.

ॲपला माल दुकानदार पुरवत असतील, तर त्यांच्याही गल्ल्याशेजारी थोडा वेळ बसा. त्यांचे पैसे वेळेवर येतात का, हे गिऱ्हाईक म्हणून तुम्हाला कधीच कळणार नाही.

आणि कुणी आत डोकावूच देत नसेल, तर तिथूनच परत फिरा. पुढे फसवी निघालेल्या थेरानोस या अमेरिकी रक्ततपासणी कंपनीने आपली प्रयोगशाळा भागीदार असलेल्या वॉलग्रीन्स या औषध दुकानांच्या साखळीच्या सल्लागारालाही बघू दिली नव्हती.

हे सगळं पटलं, तरी कंपनी कायद्याच्या कलम 42 प्रमाणे (निवडक लोकांना खासगीरीत्या शेअर देण्याचे नियम त्यात आहेत) तुमच्या नावाचं ऑफर लेटर, म्हणजे शेअर देऊ करणारं पत्र, घ्या. पैसे बँकेतूनच द्या, रोख नको. 60 दिवसांत शेअर मिळाले नाहीत, तर पुढच्या 15 दिवसांत पैसे परत करणं कंपनीला बंधनकारक आहे.