दिवाळीची पहाट आणि जुन्या मित्रांची घरगुती मैफल

प्रश्न : कॉलेजातील आम्ही काही मित्रमैत्रिणी पुष्कळ वर्षांनी यंदा दिवाळीत माझ्या घरी जमत आहोत. वसतिगृहाच्या दिवसांत आमच्या बैठका रंगत. दोघे जण गात, एक जण तबल्यावर असे आणि पेटीची साथ मी करीत असे. नरक चतुर्दशीच्या पहाटे पुन्हा तशीच बैठक व्हावी, असे मला वाटते. मात्र काहींच्या मते व्यावसायिक कलाकार बोलवावेत, आणि आमच्यातली सर्वांत सुरेल गाणारी मैत्रीण ‘आता आवाज राहिला नाही’ म्हणून गायला तयार नाही. काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बाहेरचे कलाकार बोलवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवाळी पहाटेचे उत्तमोत्तम कार्यक्रम आता गावोगावी होतात आणि ते अवश्य ऐकावेत. पण घरी कलाकार आले की आपण सगळे श्रोते होऊन समोर बसणार, आणि ज्या गाण्यासाठी आपण जमत आहात ते मागे पडणार.

आपल्या मैत्रिणीचे म्हणणे मात्र गांभीर्याने घ्यावे. वयाबरोबर स्त्रियांचा आवाज बहुधा ढाला, म्हणजे खालच्या स्वराचा होतो, तार सप्तकातले स्वर पूर्वीसारखे सहज लागत नाहीत, आणि जुन्याच पट्टीत, म्हणजे जुनाच षड्ज धरून, गाऊन पाहिले की गळा ताणला जाऊन आवाज गेल्यासारखे वाटते. पुष्कळदा सूर शाबूत असतो, फक्त पट्टी बदलावी लागते. त्या पूर्वी पेटीच्या काळी चार या पट्टीत गात असतील, तर आता पांढरी चार किंवा त्याहूनही खाली, काळी दोनपर्यंत उतरून पाहावे. ही जबाबदारी पेटीवाले म्हणून आपली आहे, कारण तीच गाणी नव्या पट्टीत वाजवताना बोटांची सारी सवय बदलते. तेव्हा महिनाभर आधीपासून हात बसवावा. तबल्याचेही तसेच आहे. एकच तबला फार खाली उतरवला की शाई नीट बोलत नाही आणि आस (नादाची गुंज) राहत नाही, म्हणून दोन गायकांच्या पट्ट्या दूर असतील तर मोठ्या तोंडाचा, ढाल्या स्वराचा दुसरा तबला मिळवून ठेवावा. मैत्रिणीला सर्वांच्या समोर आग्रह करू नये. आपण एकट्याने फोन करावा, पट्टी उतरवण्याची तयारी सांगावी आणि मध्य सप्तकात राहणारा एखादा अभंग किंवा भावगीत त्यांनाच निवडू द्यावे. त्यावरही त्या नको म्हणाल्या, तर तो विषय तिथेच थांबवावा.

दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे सूर्योदय साडेसहाच्या आसपास होतो. अभ्यंगस्नाने आटोपून साडेपाचला बैठक सुरू झाली, तर ललित हा पहाटेचा राग आपल्या नेमक्या वेळी गाता येतो. ललितात पंचम वर्ज्य आहे, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार शुद्ध मध्यमात लावावी. उजाडताना भटियार किंवा अहिर भैरव घ्यावा आणि नंतर नाट्यपदे, भावगीते, वसतिगृहातली आवडती गाणी मनसोक्त गावीत. रागदारीचा सराव सुटला असेल, तर एखादी छोटी बंदिशही पुरेशी आहे.

ध्वनिक्षेपक लावू नये. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर त्याचा वापर करता येत नाही, आणि दहा-बारा माणसांच्या खोलीत त्याची गरजही नसते. गाणाऱ्याचा श्वास ऐकू यावा इतके जवळ बसण्याचे सुख मोठ्या सभागृहात मिळत नाही. पहाटेच्या दवाने तबल्याची पुडी सैल पडते, म्हणून वाद्ये रात्रभर बंद खोलीत ठेवावीत आणि तबलजींना अर्धा तास आधी बसू द्यावे.

जुन्या मित्रांत गप्पांना अंत नसतो आणि दोन गाण्यांच्या मध्ये त्या सुरू झाल्या की गायकाचा लागलेला सूर मोडतो. त्यासाठी आदली रात्र पूर्णपणे गप्पांसाठी ठेवावी. पहाटे गाणाऱ्यांना चहा किंवा कोमट पाणी द्यावे. तेलकट-तुपकट खाऊन गळा मोकळा राहत नाही, म्हणून फराळाची ताटे भैरवी झाल्यावरच बाहेर आणावीत.