यंत्र लावलं, तरी हा मुलांत का रमत नाही?

"मॅडम, बोलतो छान. पण खाली खेळायला गेला की दहा मिनिटांत भांडून वर येतो. मुलं म्हणतात, हा चीटिंग करतो." सात वर्षांच्या मुलाची आई सांगत होती. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) जन्मापासून नीट ऐकू न येणारा; तिसऱ्या वर्षी कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र), मग चार वर्षं नेमाने स्पीच थेरपी. शेवटी तिने विचारलं ते माझ्याकडे येणारे बहुतेक आईवडील विचारतात: "आता ऐकू येतं ना? मग हा हट्टीपणाच ना?"

एका संध्याकाळी मी त्यांच्या सोसायटीच्या आवारात जाऊन बसले. पकडापकडी चालली होती, राज्य त्याच्यावर. पाठीमागून एकजण ओरडला, "टाइमप्लीज!" सगळे थांबले. हा वळला, त्याच मुलाला हात लावला आणि आनंदाने ओरडला, "आऊट!" एकच गलका झाला. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याने तर नियमानेच पकडलं होतं. मला फार वाईट वाटलं.

शांत खोलीत, समोरून, तीन फुटांवरून बोललेलं त्याला स्वच्छ कळतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, त्यात मुलांची आरडाओरड. पण खरी अडचण त्याहून खोल आहे. खेळाचे नियम कुणी बसवून शिकवत नाही, ते कानावर पडतात. कच्चा लिंबू म्हणजे काय, कोण कुणावर रुसलंय, आजी आज गप्प का, सगळं येताजाता कानावर पडलेलं. याच्यापर्यंत पोचतं ते फक्त त्याच्याशी थेट बोललेलं.

म्हणून आम्ही खेळातलेच शब्द घेतले. बाबा घरात पकडापकडी खेळले. आधी शेजारचा एकच मित्र बोलवायचा, मग दोघं. टाइमप्लीज म्हणताना हात वर कराल का, असं मुलांना विचारलं. ती लगेच तयार झाली. घरी जेवताना टीव्ही बंद. आईने मनातलं मोठ्याने बोलायचं: "बाबांना वाटलं चावी मी घेतली, मला वाटलं त्यांनी. बसलो दोघं दारात!" दुसऱ्याच्या मनात वेगळं असतं, हे अशा बोलण्यातून उमजतं. आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज त्याला यंत्रातून नीट ऐकू येतात ना, हे आई रोज सकाळी तोंड झाकून तपासत होतीच, ते चालू ठेवलं.

सर्वांत जड गेलं ते न कळताच "हो हो" म्हणत मान डोलावायची त्याची सवय सोडवणं. "परत सांग ना" म्हणायला दोन महिने लागले. त्याआधी घरातल्या मोठ्यांना "जाऊ दे, काही नाही" म्हणणं सोडावं लागलं.

परवा आईचा फोन आला. तो रडत वर आला होता, म्हणे मित्र रडीचा डाव खेळतो. "मॅडम, रडीचा डाव हा शब्द आम्ही कुणीच शिकवला नव्हता त्याला!"