शिबिरातून मुलाचा रडत फोन येतो तेव्हा

मे महिन्यात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांच्या तोंडी एक काळजी ठरलेली असते. "आमच्याशिवाय कधी राहिला नाही हो. तिकडे करमेल का त्याला?" मूल एकदाचं पोचलं, की जुलैमध्ये त्याच पालकांचा फोन येतो. "ताई, फार रडतोय. जाऊन घेऊन येऊ का?" आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या शाळांना जून-जुलैमध्ये मोठी सुट्टी असते, त्यामुळे पुण्या-मुंबईतली बरीच मुलं हल्ली युरोपातल्या उन्हाळी शिबिरांना जातात. खर्च मोठा, अंतर मोठं, मुलं जेमतेम दहा-बारा वर्षांची. जीव वर-खाली होणारच. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एका घराची हकिकत नीट लिहून काढते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा अकरा वर्षांचा, धाकटी बहीण सात वर्षांची. शिबिर स्वित्झर्लंडमधल्या लेझँ गावी, तीन आठवड्यांचं. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातल्या एगल गावातून दात्यांच्या रुळावरची छोटी रेल्वे डोंगर चढून तिथे जाते. उंची म्हणाल तर साधारण आपल्या महाबळेश्वराइतकी. आई मला हे कौतुकानं सांगत होती. मला त्या गावाची वेगळी ओळख होती. एके काळी लेझँ क्षयरोग्यांचं गाव होतं. डॉ. ऑगस्त रोलिए यांनी 1903 मध्ये तिथे सूर्यप्रकाशानं उपचार सुरू केले, आणि पुढची अनेक वर्षं रोगी तिथल्या लांबलचक बाल्कन्यांमध्ये उन्हात पडून असत. त्यांत मुलंही असायची, महिनोन्महिने आईवडिलांवाचून. त्या मानानं तीन आठवडे काहीच नाहीत, असं मी आईला म्हटलं नाही. दुसऱ्याचं दुःख मोठं होतं, हे ऐकून कोणाच्याच पोटातला गोळा हलत नाही.

जाण्याआधीच्या भेटींमध्ये विशेष काही घडलं नाही. थंडी, शाकाहारी जेवण, व्हिसा हेच विषय. मुलगा आईबाबांशिवाय एक रात्रही कुठे राहिलेला नव्हता, म्हणून त्याला आत्याकडे दोन-चार वेळा मुक्कामाला पाठवा, असं सुचवलं. परीक्षेच्या गडबडीत एकच मुक्काम जमला.

तो पोचल्यावर चौथ्या रात्री आईचा फोन आला.

"रोज रात्री दहाला बोलतो आणि पहिल्याच वाक्याला रडायला लागतो. दिवसभर रडत असेल हो."

"दिवसभर रडतो, हे कशावरून?"

"मी ऐकते ना रोज!"

"किती वेळ ऐकता?"

"पंधरा-वीस मिनिटं. जेवणाआधी अर्धा तास फोन देतात त्यांना."

"आणि उरलेल्या वेळात तो काय करतो?"

यावर त्या गप्प झाल्या. शिबिराचं वेळापत्रक त्यांच्या मेलमध्ये महिनाभर पडून होतं, उघडलेलं नव्हतं. मी त्यांना दोन कामं दिली. वेळापत्रक छापून फ्रीजवर लावायचं, आणि शिबिरात मुलाच्या गटाकडे बघणाऱ्या ताईला लिहायचं, की कालचा त्याचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत जसा गेला तसा आम्हाला कळवा. 'तो कसा आहे' असं विचारू नका, हे मुद्दाम बजावलं. त्या प्रश्नाला 'छान आहे' याखेरीज उत्तर मिळत नाही.

गटाच्या ताईनं फार सुंदर लिहून पाठवलं. साडेसातला उठणं. पाव, चीज, दुधातलं म्यूसली, गरम चॉकलेट. मग खोली आवरायची आणि त्याला गुण. दुपारपर्यंत फ्रेंचचा वर्ग. जेवणानंतर तासभर सक्तीची विश्रांती. मग कृत्रिम भिंतीवरचं गिर्यारोहण, पोहणं किंवा जंगलातली भटकंती; आठवड्यातून एकदा खाली सरोवराकाठी शियाँचा किल्ला बघायला सहल. सहाच्या सुमारास फोन, मग जेवण, नंतर खेळ, साडेनऊला दिवे बंद. खोलीत एक तुर्की मुलगा, एक इटालियन आणि एक ब्राझीलचा. त्या तिघांचं इंग्रजी तोडकंमोडकं, पण टेबल फुटबॉलला भाषा लागत नाही. भिंत चढताना आपला मुलगा हसतो, खालून दुसऱ्यांना ओरडून सूचना देतो. विश्रांतीच्या तासात मात्र भिंतीकडे तोंड करून पडतो. पाच वाजून गेले की हळूहळू गप्प होतो. रात्री झोप लवकर लागत नाही.

झोपेचं निम्मं कोडं मला लगेच सुटलं. जुलैमध्ये तिकडे सूर्य मावळायलाच नऊ वाजून जातात. पुण्यात सव्वासातनंतर अंधार बघितलेलं मूल लख्ख उजेडात अंथरुणावर पडलं, तर त्याला झोप कुठून येणार? डोळ्यांवर बांधायला गडद रुमाल द्या, एवढं कळवलं आणि ते काम झालं.

पण त्या पत्रात शेवटी एक वाक्य होतं. 'त्यानं अजून बॅग रिकामी केलेली नाही. लागेल तो कपडा काढतो आणि चेन परत लावतो. त्याचं कपाट मोकळंच आहे.'

मी आईबाबा दोघांनाही बोलावून घेतलं.

"निघताना त्याला काय सांगितलं होतं?"

आई म्हणाली, "काही नाही. मजा कर, जेवत जा, असंच."

बाबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "विमानतळावर तो फार रडवेला झाला होता. मी बाजूला घेऊन सांगितलं, की आठवडाभर राहून बघ. नाहीच आवडलं तर बाबा येऊन घेऊन जाईल."

सगळा उलगडा इथे झाला. इतकी वर्षं मुलांबरोबर काम करताना मी जे काही शिकले, त्यातलं सगळ्यात उपयोगी हेच असावं: मुलाचं वागणं कितीही वेडंवाकडं दिसलं, तरी त्याला दिलेल्या शब्दाशी ते इमानदार असतं. या मुलाला एक अट सांगितली होती. आवडलं नाही तर सुटका. मग आवडलं हे तो कबूल कसा करणार? भिंत चढताना मजा आली, असं फोनवर बोलून गेला तर बाबा येणार नाहीत. म्हणून दिवसाचा चांगला भाग तो सांगतच नव्हता. पाच वाजल्यापासून तो फोनची तयारी करत होता. त्याचं रडणं खरं होतं, त्यात नाटक अजिबात नव्हतं. पण रोज संध्याकाळी ते पुरावा म्हणून सादर करावं लागत होतं. आणि ज्याला आठवड्यानं निघायचं आहे, त्यानं कपाट कशाला लावायचं?

घरची ओढ हा आजार मानण्याची परंपरा जुनी आहे, आणि योगायोग असा, की ती सुरूही स्वित्झर्लंडमध्येच झाली. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं 1688 मध्ये बाझल इथे या विषयावर प्रबंध लिहिला. त्यात बर्नहून शिकायला आलेल्या एका तरुणाची हकिकत आहे. तो अंथरुणाला खिळला होता, पण घरी न्यायची तयारी सुरू झाल्याचं कळलं तेव्हापासूनच सुधारू लागला. यावरून घरी पाठवणं हेच औषध, असं लोकांनी ठरवलं. मला त्यातून वेगळंच दिसतं. तो तरुण घरी पोचण्याच्या आधी बरा होऊ लागला होता. परतण्याची खात्री झाल्याबरोबर त्याच्या मनावरचा भार उतरला.

ज्यांच्या विचारांचं बोट धरून मी या कामात आले त्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बींनी लहान मुलांना आईपासून तोडण्याविरुद्ध आयुष्यभर लिहिलं, हे मी विसरलेले नाही. 1939 च्या डिसेंबरात युद्धामुळे ब्रिटनमधल्या शहरांतून मुलांना दूर पाठवलं जात होतं, तेव्हा बोल्बी, मिलर आणि विनिकॉट या तिघा डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलला पत्र लिहून धोक्याचा इशारा दिला होता. तो इशारा पाच वर्षांखालच्या मुलांसाठी होता. तीन वर्षांच्या मुलाला परतीची 'एकोणीस तारीख' कळत नाही. अकरा वर्षांच्या मुलाला कळते, आणि ती पक्की असेल तर तो तिच्या आधारानं राहू शकतो. पक्की नसेल तर रोज नव्यानं चाचपून बघत राहतो.

मी बाबांना म्हटलं, "तो शब्द तुम्हालाच परत घ्यावा लागेल."

"अहो, पण तो कोसळेल."

"रडेल. कोसळणार नाही. गटाच्या ताईंना आधी सांगून ठेवू, त्या जवळ बसतील."

काय बोलायचं त्याची आम्ही तालीम केली. वाक्यं चारच. पहिल्यांदा बाबा 'बघ हं राजा, आपण असं करू या का' असं म्हणायला लागले. मी थांबवलं. इथे त्याला विचारायचं नव्हतं. पालकांनी सोडवायचा प्रश्न मुलावर सोपवला, तर त्याला मोकळीक मिळत नाही, ओझं मिळतं.

त्या रात्री बाबा त्याला म्हणाले, "मी तुला मधेच न्यायला येणार नाही. तसं मी सांगायला नको होतं, ते माझं चुकलं. एकोणीस तारखेला सकाळी आम्ही तिघं विमानतळावर असू. तोपर्यंत तुला रडू आलं तरी चालेल."

"तुम्ही प्रॉमिस केलं होतं!"

"हो. केलं होतं."

मुलगा मोठ्यानं रडला आणि त्यानं फोन बंद केला. पाच मिनिटांत आईचा मला फोन. "ताई, त्याचा विश्वास तोडला का हो आपण?" मी म्हटलं, "चिडला ना? चिडू द्या. आपला राग सहन करतील अशी ज्यांची खात्री असते, त्यांच्यावरच मुलं असं चिडतात."

दुसऱ्या दिवशी त्यानं फोन केला नाही. आईची ती रात्र कशी गेली असेल ते मला माहीत आहे. मीही फोन उशाशी घेऊनच झोपले. सकाळी गटाच्या ताईचा मेल आला. न्याहारीनंतर त्यानं बॅग पलंगावर उपडी केली, कपडे कपाटात रचले आणि आजीनं दिलेला लाडवांचा डबा खोलीत फिरवला. इतके दिवस तो डबा बॅगेच्या तळाशी तसाच होता.

रडू एकदम थांबलं नाही. आणखी दोन-तीन फोन ओलेच होते. पण त्यांत आता इतर गोष्टी येऊ लागल्या. गाईंच्या गळ्यातल्या घंटा रात्रीसुद्धा वाजतात. इटालियन मुलगा पास्त्याला नावं ठेवतो. आणि एकदा, "आई, तो तुर्की मुलगा पण रात्री रडतो. उशीत तोंड घालून. मला त्याची भाषा येत नाही ना, मग मी त्याला नुसतं पाणी नेऊन दिलं."

आईनं मला हे सांगितलं, तेव्हा माझा ऊर भरून आला. मुलांनी बाहेर पडून धीट व्हावं, असं सगळे म्हणतात. मला धीटपणाचं तितकंसं महत्त्व वाटत नाही. स्वतःच्या हुरहुरीतून उठून दुसऱ्याला पाणी नेऊन देणारं मूल आपलं घर मनात घेऊन गेलेलं असतं, आणि ते घर त्या आईबाबांनीच त्याला अकरा वर्षांत दिलेलं होतं. हे मी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितलं. पालकांना त्यांच्या चुका सांगणारे पुष्कळ भेटतात.

आता तुमच्यासाठी. 'नाही आवडलं तर घेऊन येऊ' हे वाक्य कोणीही बोलायचं नाही. आजीआजोबांनाही आधी सांगून ठेवा. हा माझा एकटीचा आग्रह नाही. शिबिरातल्या मुलांच्या घर-ओढीवर काम केलेले ख्रिस्तोफर थर्बर यांनी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेसाठी 2007 मध्ये लिहिलेल्या अहवालातही असा सौदा करू नये असंच सांगितलं आहे. त्याऐवजी घरापासून दूर राहण्याचा सराव आधीच करून घ्या, आणि 'करमणार नाही, विशेषतः दुपारी पडल्यावर आणि रात्री. तसं सगळ्यांनाच होतं' हे मोकळेपणी सांगा. 'शूर आहेस ना, रडू नकोस' हे मला मुळीच मान्य नाही. मूल मग तुमच्यापासूनही रडू लपवायला शिकतं. फोनवर 'तुझ्यावाचून घर खायला उठतंय' असं म्हणू नका. तुमची हुरहूर सांभाळायचं काम त्याचं नाही. 'जेवलास का' या प्रश्नावर बोलणं संपतं, म्हणून वेळापत्रक समोर ठेवून विचारा: आज खोलीला किती गुण मिळाले? भिंत कुठपर्यंत चढलास? अंथरूण ओलं होण्याची सवय असेल तर ते न लाजता गटप्रमुखाला आधीच कळवा. अकराव्या वर्षीही हे काही मुलांना होतं, आणि त्या एका भीतीपायी मुलं रात्र रात्र जागतात.

आणि काही वेळा खरोखर जाऊन आणावं लागतं. कोणी मारतं, छळतं, नको तिथे हात लावतं असं मूल सांगत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवा आणि त्याच दिवशी हलायला लागा. अनेक दिवस जेवण-झोप तुटली असेल, दिवसाचा एकही तास हसण्याचा जात नसेल, जीव नकोसा झाल्याची भाषा येत असेल, तर तारखेचा हट्ट धरायचा नाही. म्हणून तर दिवसभराची हकिकत हवी. फोनवरच्या रडण्यावरून यातलं काहीही ठरवता येत नाही.

मुलगा ठरल्या दिवशी परतला. ऑगस्टमध्ये दोघं पुन्हा आले, ते वेगळा प्रश्न घेऊन. धाकटी हट्ट धरून बसली होती, पुढच्या वर्षी तिलाही जायचं होतं. तेव्हा ती आठ वर्षांची असेल. मी नको म्हटलं. आधी दिवाळीत आजीकडे साताऱ्याला आठवडाभर, तुमच्याशिवाय. परतीची तारीख तिच्या हातानं कॅलेंडरवर लिहून घ्या. आणि आजींना माझा निरोप द्या: ती मुसमुसायला लागली तर खुशाल जवळ घ्या, पण 'आईला बोलावू का' असं विचारू नका.