‘ट्रान्सपोर्ट कॅफे’ला ढाबा म्हणावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. निवृत्त ब्रिटिश लॉरीचालकांच्या १९५०-६० च्या दशकांतल्या आठवणी मराठीत आणायच्या आहेत. त्यांत ‘ट्रान्सपोर्ट कॅफे’ (हमरस्त्यावरची लॉरीवाल्यांची चहा-नाश्त्याची जागा) आणि चालकांच्या तोंडचा ‘कॅफ’ हे शब्द पानोपानी येतात. त्यांना सरसकट ‘ढाबा’ म्हणावं का? आणि जुन्या फोटोंतल्या ‘गुड पुल-अप फॉर कारमेन’ या पाटीचा अर्थ काय?

ढाबा म्हणू नये. चालक बोलत असेल तिथे ‘हाटेल’ लिहावं. निवेदनात पहिल्यांदा ‘ट्रान्सपोर्ट कॅफे’ असं मूळ नाव देऊन पुढे ‘हॉटेल’ वापरावं.

ढाब्याला हरकत अशी, की हा शब्द स्वतःचं सगळं सामान घेऊनच पानावर येतो. बाज, बाजेवर आडवी टाकलेली फळी, तंदूर, दाल तडका, कांदा आणि उघड्यावरची झोप. शिवाय गेल्या काही दशकांत मराठीत ढाब्याचा अर्थ आणखी सरकला आहे. शनिवारी रात्री गावाबाहेर जाऊन बसायची, बहुतेकदा पिण्याची सोय असलेली जागा, असं चित्र आज बऱ्याच वाचकांपुढे उभं राहतं. ट्रान्सपोर्ट कॅफेत दारू मिळत नसे, त्यासाठी पब वेगळा. कॅफे ही बंदिस्त, वाफेनं काचा धुरकटलेली खोली असे. काउंटरवर जाऊन मागायचं, तिथेच पैसे द्यायचे, नाव किंवा नंबर पुकारला की ताट उचलून आणायचं. मुक्कामाची सोय असलीच तर वरच्या मजल्यावर किंवा मागच्या अंगाला, एका खोलीत ओळीनं लावलेल्या खाटांवर. यातलं काहीच ‘ढाबा’ या शब्दातून पोचत नाही.

ढाब्याचा विषय निघालाच आहे, तर एक शुद्धलेखनाची गोष्ट. ‘नियम धाब्यावर बसवणे’ यातला धाबा हा नव्हे. ‘धाबे’ म्हणजे मातीचं सपाट छप्पर. मराठवाडा, विदर्भ, खानदेशात लाकडी तुळया-सऱ्यांवर पांढरी माती चोपून केलेल्या धाब्याच्या घरांतलं. छपरावर नेऊन बसवलं म्हणजे बाजूला सारलं, असा तो अर्थ. हल्ली ‘ढाब्यावर बसवले’ असं छापून येतं ते चूक आहे.

आता ‘कॅफ’कडे येऊ, कारण खरा पेच तिथे आहे. लिहिताना शब्द एकच, कॅफे. पण कामकरी माणूस त्याचा उच्चार ‘कॅफ’ असा करतो आणि त्या एका उच्चारात जागेची पायरी, किंमत आणि तिथे जाणाऱ्या माणसाचा वर्ग हे सगळं येतं. पांढरा टेबलक्लॉथ असलेला तो कॅफे, फॉर्मायकाचं टेबल आणि सॉसची चिकट बाटली असलेला तो कॅफ. मराठीत असंच काम उच्चारानं होतं ते ‘हॉटेल’ आणि ‘हाटेल’ या जोडीत. ‘हाटेलात चहा मारू’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यापुढे राहायची जागा नसतेच, बाकडी आणि काचेचे ग्लास असतात. मराठीतलं हॉटेल हे मुळात चहा-फराळाचं ठिकाण आहे. जुन्या पाट्यांवर अशाच दुकानाला ‘विश्रांतिगृह’ म्हटलेलं असे, तिथेही झोपायची सोय नसायची. म्हणून ‘कॅफ’ला ‘हाटेल’ हा जुळणारा शब्द मराठीकडे आधीपासून आहे.

एक खबरदारी मात्र घ्यावी लागेल. काही ट्रान्सपोर्ट कॅफेंत खाटा मिळत, त्यामुळे ब्रिटनच्या संदर्भात नुसतं ‘हॉटेल’ वाचून वाचक लॉजच्या दिशेनं जाऊ शकतो. पहिल्या उल्लेखात ‘लॉरीवाल्यांचं चहा-नाश्त्याचं हॉटेल, म्हणजे ट्रान्सपोर्ट कॅफे’ असं एकदा सांगून टाकलं की पुढे अडचण येत नाही. ‘खानावळ’ इथे बसत नाही, कारण खानावळीत रोजचं किंवा महिन्याचं ठरलेलं जेवण असतं आणि वाटेवरचा माणूस तिथे पाहुणा असतो. ‘टपरी’ फार लहान. ‘उपाहारगृह’ हा पाटीवरचा शब्द आहे, कुणी चालक तो बोलणार नाही. आणि नुसतं ‘कॅफे’ म्हटलं तर मुंबई-पुण्याचा वाचक इराण्याकडे वळतो, तरुण वाचक महागड्या कॉफीकडे.

प्रतिशब्दांपेक्षा या जागा का होत्या हे समजून घेणं भाषांतराला जास्त उपयोगी पडेल, कारण आठवणींतली निम्मी वाक्यं त्याशिवाय उलगडत नाहीत. ब्रिटनच्या १९३० च्या रोड ट्रॅफिक कायद्यानं मालवाहू गाडीच्या चालकाला सलग साडेपाच तासांहून जास्त आणि २४ तासांत ११ तासांहून जास्त गाडी चालवायला बंदी केली. रिकाम्या वजनी ३ टनांवरच्या गाड्यांना वेगमर्यादा ताशी २० मैल होती. ती १९५७ मध्ये ३० झाली. आता १९५७ आधीचा हिशेब करून पाहा. मर्यादा काटेकोर पाळली तर साडेपाच तासांत ११० मैल आणि अख्ख्या दिवसात जास्तीत जास्त २२०. लंडन ते ग्लासगो साधारण ४०० मैल. म्हणजे मधे एक मुक्काम अटळ, आणि दिवसातून निदान एकदा पोटभर थांबा अटळ. ‘मजल दरमजल’मधली मजल म्हणजे एका दिवसाची वाट. हे कॅफे ए-वन, ए-फाइव्ह, ए-सिक्स अशा जुन्या हमरस्त्यांवर याच मजलांच्या हिशेबानं वसले होते. त्यामुळे ‘आम्ही शॅपला थांबलो’ या वाक्यात आवडीनिवडीपेक्षा कायदा, घड्याळ आणि चढ यांचा भाग जास्त आहे.

शॅप हे नाव या आठवणींत हमखास येणार. इंग्लंडच्या वायव्येकडे ए-सिक्स रस्ता तिथे सुमारे १,४०० फुटांपर्यंत चढतो. त्या काळच्या आठ चाकी गाडीत बहुधा गार्डनर सिक्स-एल-डब्ल्यू इंजिन असे, ८.४ लिटरचं, शंभराच्या थोडी वर अश्वशक्तीचं, आणि मालासकट वजन २०-२२ टन. चढावर गाडी पायी चालण्याच्या वेगावर येई. बऱ्याच केबिनमध्ये हीटर नसे, इंजिनच्या झाकणाची ऊब तेवढी मिळे. अशा घाटमाथ्यावरचा चहाचा मग अर्ध्या पाइंटचा किंवा पाइंटभराचा. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, आपल्या कटिंगचे पाच-सहा ग्लास. म्हणून ‘मग’ला ‘कप’ करू नये. ‘मोठा मगभर चहा’ असंच लिहावं. चहा कडक, दुधाचा, भरपूर साखरेचा. साखरेचं रेशनिंग सप्टेंबर १९५३ पर्यंत चाललं. त्या आधीच्या आठवणीत साखरेबद्दल तक्रार असेल तर तिचं कारण हे, कॅफेवाल्याचा कंजूषपणा नव्हे. काउंटरला साखळीनं बांधलेला चमचाही आठवणींत भेटतो. तो चोरीला जाऊ नये म्हणून बांधलेला असे आणि सगळ्यांनी त्या एकाच चमच्यानं चहा ढवळायचा.

खाण्याच्या शब्दांत फसगती फार आहेत. ‘ब्रेड अँड ड्रिपिंग’मधलं ड्रिपिंग म्हणजे मांस भाजताना गळलेली आणि थिजवलेली चरबी. तिला लोणी किंवा तूप केलं तर त्या काळची गरिबी पुसली जाते. ‘चरबी लावलेला ब्रेड’ असं उघड लिहावं. इथे पावही नको, कारण पाव म्हटलं की आपल्याला लादीपाव दिसतो. ‘ब्लॅक पुडिंग’ हे गोड पुडिंग नाही, रक्त आणि धान्य घालून केलेलं सॉसेज आहे. ‘चिप्स’ म्हणजे बटाट्याचे तळलेले जाड तुकडे, आपले वेफर्स नव्हेत. वेफर्सला तिकडे ‘क्रिस्प्स’ म्हणतात. ‘फ्राइड स्लाइस’ म्हणजे बेकनच्याच तव्यात तळलेला ब्रेड. सगळ्यांत घातक शब्द ‘टी’. उत्तर इंग्लंडचा चालक ‘टी’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा त्याला संध्याकाळचं जेवण म्हणायचं असतं, आणि त्याचं ‘डिनर’ दुपारी होतं. ‘आय हॅड माय टी अँड वेंट टु बेड’चं भाषांतर ‘चहा घेऊन झोपलो’ असं झालं तर चालक उपाशी झोपला. वेळ काय आहे ते आधी पाहावं.

गाडीचंही तसंच. लंडनकडचा चालक स्वतःच्या लॉरीला ‘मोटर’ म्हणतो, उत्तरेकडचा ‘वॅगन’. मराठीत वॅगन म्हटलं की रेल्वेच्या मालगाडीचा डबा. ‘मालमोटार’ हा वर्तमानपत्री शब्द. बोलण्यात सगळीकडे ‘गाडी’ लिहावं, निवेदनात ‘लॉरी’. एके काळी आपल्याकडेही लॉरीच म्हणत, त्यामुळे काळाचा रंगही येतो. ‘ड्रायव्हर्स मेट’ला ‘मेट’ ठेवू नका. आपल्या रस्त्याच्या कामावर मेट म्हणजे गँगचा मुकादम. इथे तो हाताखालचा जोडीदार आहे. ‘किन्नर’ किंवा ‘क्लीनर’ जवळचा वाटतो, पण आपला क्लीनर म्हणजे शिकाऊ पोरगा, तिकडचा मेट पगारी आणि अनेकदा पोक्त माणूस असे. ‘मदतनीस’ सपक असला तरी चुकीचा नाही. ‘रोपिंग अँड शीटिंग’ म्हणजे ताडपत्री टाकून दोर आवळणं, आणि ‘डॉली नॉट’ ही तो दोर ताणून घट्ट करायची फासगाठ. कॅफेतून निघताना दोर पुन्हा तपासायचे, कारण धक्क्यांनी माल बसतो आणि दोर सैल पडतो. हे वाक्य आठवणीत आलं तर ‘दोर ताणून घेतले’ एवढं पुरे.

‘नाइट आउट’ म्हणजे रात्रीची मौजमजा समजून भाषांतर झालं तर अर्थाचा अनर्थ होईल. तो बाहेरगावचा मुक्काम आहे आणि ‘नाइट आउट मनी’ म्हणजे त्या मुक्कामाचा भत्ता. आपल्याकडे एसटीची ‘वस्तीची गाडी’ असते, म्हणून ‘वस्तीचा भत्ता’ कानाला अगदी बरोबर लागतो. भत्ता घ्यायचा आणि खाटेचे पैसे वाचवून केबिनमध्येच झोपायचं, याला तिकडे ‘डॉजी नाइट आउट’ म्हणत. आपण ‘वस्तीचा भत्ता मारला’ म्हणावं. ‘डिग्ज’ ही आणखी निराळी सोय. गावातल्या एखाद्या बाईच्या घरी खाट, रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी. इथे ‘खानावळवाल्या बाईकडे उतरलो’ हे शोभतं. ‘ग्रीझी स्पून’चा शब्दशः तेलकट चमचा करू नये. ‘कळकट हॉटेल’ म्हणावं, आणि बोलणारा ते प्रेमानं म्हणतोय की नाक मुरडून, हे वाक्याच्या बाकीच्या शब्दांत दाखवावं.

मोटरवे, म्हणजे तिकडचे द्रुतगती मार्ग, आल्यावरची शब्दावलीही जपून हाताळायला हवी. एम-वन हा मोटरवे आणि त्यावरचं वॉटफर्ड गॅप हे खाण्यापिण्याच्या थांब्याचं ठिकाण २ नोव्हेंबर १९५९ ला एकाच दिवशी सुरू झालं. इमारत तयार नव्हती म्हणून सुरुवातीला शेडमधून सँडविच विकत. हे वॉटफर्ड नॉर्दम्प्टनशरमधलं एक खेडं आहे, लंडनजवळचं मोठं वॉटफर्ड नव्हे. तळटीप द्या, नाहीतर नकाशा काढणारा वाचक ६० मैलांनी चुकेल. अशा जागेला ‘सर्व्हिसेस’ म्हणतात. त्याचं ‘सर्व्हिस स्टेशन’ केलं की मराठी वाचक गाडी धुवायला नेतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गामुळे आपल्याकडे ‘फूड मॉल’ रुळलाय, पण १९५९ च्या चालकाच्या तोंडी तो विचित्र दिसेल. ‘मोटरवेवरचा थांबा’ बरा. पुढे ऑक्टोबर १९७० मध्ये शॅपजवळून एम-सिक्स गेला आणि ए-सिक्सची रहदारी एकदम आटली. त्याच दशकात व्होल्वो एफ-८८ सारख्या झोपायची सोय असलेल्या केबिनच्या गाड्या पसरल्या, म्हणजे खाटांचं गिऱ्हाईकही गेलं. ‘आफ्टर द मोटरवे’ किंवा ‘आफ्टर स्लीपर कॅब्ज’ असे तुटक उल्लेख आले तर त्यांच्यामागे हा सगळा व्यवहार उभा आहे. वाक्यात अर्ध्या ओळीची भर घालून तो पोचवावा. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरच्या एस कॅफेची कहाणी थोडी निराळी आहे. १९३८ मध्ये लॉरीवाल्यांसाठी उघडलेलं हे ठिकाण पुढे मोटरसायकलवाल्या तरुणांचा अड्डा बनलं, १९६९ मध्ये बंद पडलं आणि २००१ मध्ये पुन्हा सुरू झालं. तिथे मूळ नावच ठेवा.

राहिली पाटी. ‘कारमेन’ हे कुणा बाईचं नाव नाही, ऑपेराशीही तिचा संबंध नाही. ‘कार’ या शब्दाचा जुना अर्थ घोड्याची मालगाडी, आणि ती हाकणारा तो ‘कारमन’. अनेकवचन कारमेन. लंडनमध्ये या गाडीवानांची संघटना १५१७ पासून आहे. ‘पुल-अप’ म्हणजे लगाम खेचून गाडी उभी करायची जागा. घोडे जाऊन इंजिनं आली तरी पाटी आणि शब्द तेच राहिले, आणि लॉरीवाले त्याच पाटीखाली थांबत राहिले. मराठीत ‘गाडीवानांना थांबायची उत्तम सोय’ असं लिहावं. ‘चालकांसाठी’ केलं तर पाटीतला घोडा नाहीसा होतो. आठवण १९५० नंतरची असेल, तर ‘घोडागाड्यांच्या काळातली पाटी अजून दारावर होती’ एवढं वाक्य आधी घालून मग पाटीचा मजकूर द्यावा.