'रेझिलियन्स'ला मराठीत काय म्हणायचं? लवचिकता तर नाहीच

एका ताईंनी विचारलंय की त्या शहरांवरच्या एका लेखाचं भाषांतर करताहेत, त्यात पानोपानी रेझिलियन्स, म्हणजे दणका बसूनही पुन्हा उभं राहणं, येतो, डिक्शनरीत लवचिकता सापडली पण ती काही नीट बसत नाही, तर दुसरा शब्द कोणता.

ताई, बसत नाही हे तुम्हाला बरोबर जाणवलं. लवचीक म्हणजे वाकणारं. ओली काडी लवचीक, नियम लवचीक, ऑफिसची वेळ लवचीक, यात कुठं मार बसल्याची गोष्टच नाही. रेझिलियन्स ज्या लॅटिन क्रियापदातून आला त्याचा अर्थ मागे उसळणं, म्हणजे आधी दणका पाहिजे, मग परत येणं. चिवट, खंबीर हेही जवळचे वाटतात पण खंबीर माणूस दणक्यानं हलतच नाही आणि चिवट माणूस तुटत नाही, इथं तर तुटून पुन्हा उभं राहायचंय. 'तगणं' बरं आहे पण थोडं कमी पडतं, पेशंट तगून आहे म्हटलं की जीव आहे एवढंच कळतं.

आमच्या वावरातलं सांगतो. मागच्या हंगामात तूर गुडघ्याएवढी झाली होती आणि एका रात्री रोह्यांचा म्हणजे नीलगायींचा कळप येऊन धुऱ्याकडच्या, बांधाजवळच्या चार-पाच ओळींचे शेंडे साफ खाऊन गेला. सकाळी पाहतो तर नुसते खुंट उभे, खाली अर्धवट चावलेला पाला. मला वाटलं गेली ही तूर. आई वाकली, एका खुंटाची साल नखानं खरवडली, आतून हिरवीगार निघाली. म्हणे, "फुटते ना रे, खोड जित्तं हाये तिचं." आणि खरंच फुटली, प्रत्येक बेचक्यातून फुटवे आले. तसंही तुरीचा शेंडा लोक मुद्दाम खुडतातच, शेंडा गेला की बाजूच्या फांद्या जोर धरतात.

तेव्हापासून 'फुटणं' हे क्रियापद माझ्या डोक्यातून जात नाही. मडकं फुटतं, डोकं फुटतं, आणि पालवीही फुटते. मोडणं आणि उगवणं दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो, रोज वापरतो, आणि लक्षातही येत नाही. झाडाझुडपांबद्दल लिहायचं असेल तर मी डोळे झाकून 'फुटवा' घेईन, 'पुन्हा फुटण्याची ताकद' म्हणेन.

पण प्रत्येक परत येणं चांगलंच असतं असंही नाही हं. पऱ्हाटीचा म्हणजे कपाशीचा हंगाम संपल्यावर पाणी देऊन फरदड ठेवतात, झाड पुन्हा पात्या-बोंडं धरतं, पण तिच्यावरच गुलाबी बोंडअळीही जगते आणि पुढच्या हंगामात उतरते. 2017 ला यवतमाळकडं या अळीनं काय हाल केले ते सगळ्यांनी पाहिलंय.

आता शहरं. इथं फुटवा चालणार नाही, इथं माझा शब्द 'सावरणं'. तोल सावरतो, पदर सावरतो, बाप गेल्यावर घर सावरतं, दुबार पेरणी करून उभा राहिलेल्या माणसाला गावात "सावरला बिचारा" असंच म्हणतात. आणि सावरणं म्हणजे जसंच्या तसं होणं नाही, हे महत्त्वाचं. 30 जुलै 1991 ला वर्धा नदीच्या पुरानं नरखेड तालुक्यातलं मोवाड वाहून गेलं, दोनशेच्या वर माणसं गेली, नंतर गावाचं पुनर्वसन झालं. जुनं मोवाड परत आलं नाही, पण मोवाड आहे. सी. एस. हॉलिंग या पर्यावरणशास्त्रज्ञानं 1973 मध्ये रेझिलियन्स हा शब्द निसर्गासाठी मांडला तेव्हा त्याचाही भर यावरच होता की धक्का पचवून आतली नाती टिकतात का, पूर्वीच्या जागी किती लवकर आलं हा प्रश्न वेगळा.

नाम पाहिजे असेल तर 'सावरण्याची ताकद' लिहा, दोन शब्द होतात तर होऊ द्या, आणि जिथं जमेल तिथं वाक्यच क्रियापदावर फिरवा, 'शहराची लवचिकता वाढवणे' याऐवजी 'पुरानंतर शहर लवकर सावरावं म्हणून'. मथळा मी 'सावरणारी शहरं' असा देईन.